अकरावीच्या सरांची शाळा

वांगणीच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातला मुलगा दहावी होतो. सारे शिक्षण मराठीतून झालेले. गणितात गुण चांगले, म्हणून घरच्यांची इच्छा की पोराने सायन्स घ्यावे. भर पावसात कर्जतकडून येणारी लोकल पकडून तो अंबरनाथला उतरतो, कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो, आणि गणिताच्या पहिल्याच प्रकरणात एका शब्दाशी अडतो. प्रकरण आहे कोन आणि त्याच्या मापनाचे. शब्द आहे ‘सब्टेंड’. वर्तुळाचा कंस केंद्राशी अमुक कोन ‘सब्टेंड’ करतो, असे सर फळ्याकडे तोंड करून सांगतात आणि पुढे जातात.

आता गंमत पाहा. हाच कोन त्याने दहावीच्या भूमितीत ‘केंद्रीय कोन’ म्हणून शिकलेला आहे. त्यावरची उदाहरणे सोडवलेली आहेत, गुणही मिळवलेले आहेत. त्याला कल्पना ठाऊक आहे, फक्त तिचे नवे नाव ठाऊक नाही. पण हे त्याला कोण सांगणार? तो मात्र मनाशी ठरवून टाकतो की अकरावीचे गणित आपल्याला झेपणारे नव्हे. सहामाहीनंतर तो वर्गात दिसेनासा झाला, तर आपण म्हणतो, पोरगा कच्चा होता.

शिक्षकबंधुभगिनींनो, आज मला बोलायचे आहे ते या मुलाविषयी नव्हे, त्याच्या सरांविषयी. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींच्या प्रशिक्षणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. अकरावी-बारावीच्या शिक्षकाला मात्र कोणी गुरुजी म्हणत नाही, सर नाहीतर मॅडम म्हणतात. आणि एकदा एम.ए., एम.एस्सी. आणि वर बी.एड. झाले की यांना आणखी काय शिकायचे आहे, असा सर्वांचा समज असतो. सरांचाही असतो. माझा होता.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचा हा दोन वर्षांचा टप्पा आला १९७५ मध्ये. धड शाळा नाही, धड कॉलेज नाही, असा तो मधला सोपा! पुढे पाठ्यपुस्तके वेळोवेळी बदलली. अलीकडे २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची पुस्तके नवी झाली. पुस्तक बदलले की एखादा दिवस शिक्षकांना बोलावून काय गाळले, काय घातले, हे सांगितले जाते. याखेरीज बारा वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ श्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. पगाराची वरची पायरी त्याला बांधलेली असल्यामुळे तेथे हजेरी शंभर टक्के असते. मन किती टक्के असते, ते ज्याने त्याने आठवावे.

अशा एका वर्गाला मी एकदा बसलो होतो. कोठे आणि कधी, ते जाऊ द्या. सकाळी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांनी शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असल्याचे दीड तास सांगितले. दुपारी ‘अध्यापनाची नवी तंत्रे’ हे व्याख्यान झाले, तेही खडू-फळ्याने. संध्याकाळी सही आणि प्रमाणपत्र. परत येताना लोकलमध्ये मी हिशेब केला, दिवसभरात माझ्या हाताने मी काय केले? दोनदा चहाचा कप उचलला आणि एकदा सही केली.

याच्या उलट एक दुपार सांगतो. सात-आठ कनिष्ठ महाविद्यालयांतली आम्ही गणिताची माणसे एका खोलीत जमलो होतो. उद्घाटन नव्हते. टेबलावर चार-पाच पराती, दोऱ्याचे रीळ आणि कात्री. सांगितले एवढेच, परातीच्या त्रिज्येएवढा दोरा कापा आणि तो काठावरून लावत चला. पूर्ण फेरीत किती वेळा बसतो ते बघा. आम्ही हसलो. उत्तर सर्वांना पाठ होते, दोन पाय म्हणजे ६.२८. पण पंधरा-पंधरा वर्षे रेडियन शिकवणाऱ्या त्या मंडळींपैकी एकानेही हा दोरा आयुष्यात कधी लावून पाहिला नव्हता. गणितातली एम.ए.ची पदवी घेऊन बसलेल्या मीसुद्धा नव्हता.

दोरा लावला. लहान परात, मोठी परात, सगळ्यांचे उत्तर सहा आणि वर थोडेसे. एका बाईंचे मात्र बरोबर सहा आले, वर काहीच नाही. त्यांनी पुन्हा मोजले, पुन्हा सहाच. आम्ही म्हटले, दोरा सैल पडला असेल. मग एकाच्या लक्षात आले की दोरा सैल नव्हताच, उलट फार ताठ होता. बाई काठावरच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत तो सरळ ओढत होत्या. म्हणजे कंसाऐवजी जीवा मोजत होत्या, आणि वर्तुळात त्रिज्येएवढ्या जीवा बरोबर सहाच बसतात. त्यांचा षटकोन होतो. सरळ जीवेचा कोन साठ अंशांचा. तोच दोरा काठाला चिकटवून लावला की थोडा कमी कोन व्यापतो, सत्तावन्न अंश आणि वर थोडे. तोच एक रेडियन! साठ आणि सत्तावन्न यांतला फरक का पडतो, हे त्या चुकीमुळे आम्हांला डोळ्यांनी दिसले. मी वर्गात तो आकडा वर्षानुवर्षे नुसता सांगत आलो होतो.

त्यानंतर एकाने विचारले, हे मुलांना सांगताना ‘सब्टेंड’ला काय म्हणायचे? दोन तास त्यावर गेले, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. विज्ञान शाखेत अकरावीपासून पुस्तके इंग्रजी, परीक्षाही बहुतेक इंग्रजीत. पण जुना मराठी शब्द आणि नवा इंग्रजी शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला कोणी बंदी केलेली नाही. त्या दुपारी आम्ही पहिल्या तीन प्रकरणांतले असे अडणारे शब्द काढले. अडणारे शब्द गणिताचे थोडे निघाले. पुष्कळसे साध्या इंग्रजीचेच होते.

भाषेच्या या अडथळ्याचा विचार आपल्याकडे पूर्वीच झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले की, आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांचे विज्ञानाचे आकलन सुधारते. केंद्राचे सुरुवातीचे काम जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यासारख्या ग्रामीण भागातही झाले. आज हे केंद्र मानखुर्दला आहे. अंबरनाथहून कुर्ल्यापर्यंत जाऊन हार्बर मार्गाची गाडी बदलली की झाले. तेथे शिक्षकांसाठी शिबिरे होतात. आपल्यापैकी कितीजण गेले आहेत?

परदेशाकडेही थोडे पाहू. अमेरिकेत हायस्कुलातच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकवण्याची एक योजना ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५ पासून चालवते. तिला ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणतात. या विषयांच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचे, तीसेक तासांचे वर्ग भरतात. मला त्यांतली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. दर जूनमध्ये शाळांचे आणि कॉलेजांचे हजारो शिक्षक एकत्र बसून उत्तरपत्रिका तपासतात. एकाच उत्तराला तू चार का दिलेस आणि मी दोन का दिले, यावर ते वाद घालतात. मुलाचे डोके कोठे वळण चुकते, हे समजायला त्यासारखी दुसरी शाळा नाही. आपण गठ्ठा घरी नेतो, रात्री तपासतो, आणि शेजारच्या महाविद्यालयातल्या सरांनी तेच उत्तर कसे वाचले, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आपल्याकडेही १९६३ पासून विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले होते, अमेरिकेच्या साहाय्याने. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर सांगितले होते की, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत निदान दोन-तीन महिने सेवेत असताना शिक्षण मिळाले पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला निदान पन्नास तास म्हटले आहे. हिशेब करून पाहा. पन्नास तासांचे पाच वर्षांत अडीचशे होतात. महिन्याचे पंचवीस दिवस आणि दिवसाचे सहा तास धरले तर कोठारींचे दोन महिने म्हणजे तीनशे तास. अर्धशतक उलटल्यावर मागणे वाढण्याऐवजी थोडे आखडलेच आहे. आणि तेही कागदावर!

पण तासांची बेरीज मोठी असून भागत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. तो पुढे तीस वर्षे, २००२ पर्यंत चालला. शाळा माध्यमिकच्या खालच्या होत्या, तरी एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. तेथे शिक्षकांना उन्हाळ्यात प्रशिक्षण देऊन सोडून देत नसत. नंतर दर महिन्याला जवळच्या केंद्रावर ते जमत, वर्गात काय फसले ते सांगत. शिबिरात सगळेच जमते हो. फसते ते वर्गात. फसल्याचे सांगायला जागा नसेल तर माणूस मुकाट्याने जुन्या वहीकडे वळतो.

म्हणून म्हणतो, आपल्या भागात महिन्यातून एक शनिवार ठरवावा. कल्याण ते कर्जत एकच रेल्वेमार्ग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी गावे ओळीने बसलेली. अंबरनाथला जमणे सर्वांना सोयीचे. गणिताच्या लोकांना तर येथे शिवमंदिरच आहे, १०६० सालचे. पुस्तकातल्या उदाहरणात देवळाच्या पायथ्यापासूनचे अंतर आयते दिलेले असते. येथे उभे राहून पाहा! शिखराच्या माथ्याखालचा बिंदू गाभाऱ्यात, तेथपर्यंत टेप जाणार कसा? मग दोन ठिकाणांहून कोन घ्यावे लागतात. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून माथा ४५ अंशांवर दिसेल तेथे उभे राहावे. सपाट जमिनीवर सरळ मागे सरकत ३० अंशांची जागा गाठावी. जेवढे मागे सरलो ते अंतर ०.७३२ ने भागावे आणि डोळ्याची उंची मिळवावी. शिखर आज पुरते शाबूत नाही, तेव्हा उंची उरलेल्या भागाची मिळेल. आणि तीस अंशांऐवजी खरा कोन एकतीस असला, तर उत्तर नऊ-दहा टक्क्यांनी चुकते. दोन गटांची उत्तरे जुळणार नाहीत, आणि न जुळण्याचे कारण शोधण्यातच दुपार जाईल. रसायनाच्या मंडळींनी जवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याचा सामू मोजावा. त्या नदीची आजची अवस्था मी सांगायला नको.

मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी एवढेच करावे, त्या शनिवारी संबंधित शिक्षकाला दुसऱ्या तासावर जुंपू नये. हारतुरे नकोत, प्रमाणपत्र नको. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच उत्तरपत्रिका, नावे झाकून, बरोबर आणाव्यात. उत्तम नकोत, अडलेल्या आणाव्यात. कर्जतकडची मंडळी लांबून येणार, तेव्हा चारच्या आत सोडावे. दोरा आणि कात्री एकाने आणली तरी पुरते. परात मात्र ज्याने त्याने घरून आणावी, म्हणजे त्या एका मापाच्या असणार नाहीत.