चंद्रपूरची हवा: धूर तोच, ऋतू वेगळा

डिसेंबर-जानेवारीत चंद्रपुरात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘थंडीत थर्मलवाले जास्त कोळसा जाळतात.’ ऐकायला पटते, पण तसे नसते. विजेची मागणी वाढते ती कूलर घरघरू लागले की. थंडीत बदलते ती धुराच्या वरची हवा.

हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. वरचा थर मात्र त्यामानाने उबदार राहतो. गार हवा जड, ती वर चढत नाही. उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. मे महिन्याच्या दुपारी जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत हवा घुसळली जाते. जानेवारीच्या पहाटे हीच उंची शंभर-दोनशे मीटरवर येऊ शकते. धूर तेवढाच, पण विरायला जागा दहावा हिस्सासुद्धा नाही.

मग उंच चिमण्यांचा उपयोग काय? देशात 500 मेगावॅटच्या संचांसाठी 275 मीटर उंचीच्या चिमणीचे मानक ठरले, आणि चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या केंद्रातले पाच संच त्याच क्षमतेचे आहेत. इतक्या उंचीवरचा धूर पहाटे पुष्कळदा त्या झाकणाच्या वरच राहतो. खाली कोंडतो तो गावातला धूर: सिगड्या, शेकोट्या, पेटवलेला कचरा, कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ. याचा अर्थ वीज केंद्र निर्दोष, असा कुणी काढू नये. ऊन चढले की जमीन तापते, झाकण खालून फुटू लागते आणि त्या घुसळणीत वर थांबलेला धूर थेट नाकापर्यंत उतरतो. शिवाय उंच गेलेला धूर संपत नाही. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडपासून वाटेत सूक्ष्म कण तयार होतात आणि ते दूरच्या गावांच्या वाट्याला जातात. उंच चिमणीने प्रदूषण कमी होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

म्हणून ‘पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध’ हा समज या शहरात तरी हिवाळ्यापुरता बाजूला ठेवावा. दम्याच्या माणसाने जानेवारीत फिरायला जायचेच असेल तर दुपार बरी. पहाटे पाचला निघणाऱ्या मंडळींना हे पटवणे कठीण आहे, हे मान्य.

दिशेचाही प्रश्न आहे. वीज केंद्र आणि दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी शहराच्या उत्तरेला, आणि हिवाळ्यात विदर्भात वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा. पावसाळ्यात तो पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा केंद्राचा धूर शहरापासून दूर जातो. पण पश्चिमेला घुग्घुस आहे, तिथल्याही खाणी आणि कारखाने आहेत. वाऱ्याने कूस बदलली की कुणाची तरी सुटका होते, कुणाची तरी पाळी येते.

‘पाऊस हवा धुऊन काढतो’ हे अर्धे खरे. जाड धूळ खाली बसते, रस्ते ओले राहिल्याने नवी उडत नाही. पण एका मायक्रॉनहून बारीक कण पडत्या थेंबाला सहज चुकवून निसटतात, आणि फुप्फुसात खोल जातात ते तेच. जे धुतले जाते त्यातले बरेच इरई-झरपटच्या पात्रात पोहोचते, ते वेगळेच. जुलैत आकडे सुधारले तर श्रेय मोसमी वाऱ्याचे, चिमणीवरच्या कोणत्याही यंत्राचे नाही.

उन्हाळ्यात झाकण नसते, तरी कोरड्या खाणींची धूळ असते, आणि वाहनांच्या व कारखान्यांच्या वायूंपासून कडक उन्हात ओझोनही तयार होतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथे होते. त्यात हवेबरोबर पाणी आणि जमीनही मोजली होती. हवा सुधारली की नाही हे रोजच्या आकड्यांवरून पाहायचे तर जानेवारी जानेवारीशीच ताडावा. जुलैच्या आकड्याशेजारी तो ठेवून हिवाळ्यात ओरड करणे जितके फसवे, तितकेच पावसाळ्यात पाठ थोपटून घेणेही.