पोचपावतीवरचा अंगठा

देवगड तालुक्यातील आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबा परळच्या एका गिरणीतून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली, कालांतराने वर चढवली गेली आणि पुढे अनेक वर्षे कोणी तिला हात लावला नाही. यंदा घर शाकारण्याच्या निमित्ताने ती खाली उतरवली, तेव्हा जुन्या कोटाखाली सुतळीने बांधलेल्या कागदांच्या दोन चळती निघाल्या. एक मनीऑर्डरच्या पोचपावत्यांची, दुसरी कुपनांची. पावत्या पैसे पाठवणाऱ्याकडे परत जात, म्हणून त्या मुंबईत साठलेल्या. कुपने पैसे घेणाऱ्याकडे राहत, म्हणून ती गावात साठलेली. आणि दोन्ही अखेर एकाच ट्रंकेत येऊन विसावलेल्या. चार दिवस मी ते कागद तारीखवार लावीत बसलो होतो, आणि प्रस्तुत लेखाचा उगम त्या चार दिवसांत आहे.

हिंदुस्थानात टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली ती १८८० साली. तत्पूर्वी सरकारी खजिन्यावरच्या हुंड्या होत्या. परंतु त्या काढणे आणि वटवणे हा कष्टकऱ्याच्या आवाक्यातला मामला नव्हता, आणि त्याची भिस्त गावाकडे निघालेल्या एखाद्या सोयऱ्याच्या कनवटीवर असे. त्याच १८८० साली मुंबई सरकारने रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील गॅझेटियरचा दहावा खंड प्रसिद्ध केला, आणि त्यातही रोजगारासाठी मुंबईस जाणाऱ्या रत्नागिरीकरांची दखल घेतलेली आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवल्यापासून कोकणचा तरुण समुद्रमार्गे या शहरात येत राहिला. लालबाग-परळच्या खोल्यांतून एका गावचे वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपत राहिले. आणि त्यांची घरे मात्र गावीच राहिली. या गैरहजेरीची खूण अद्याप पुसलेली नाही. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया आढळल्या, आणि हजाराचा आकडा ओलांडणारे महाराष्ट्रात हे दोनच जिल्हे होते. हा आकडा ऐकून कोकणात मुलींचे फार कौतुक होते असा निष्कर्ष काढणारे वक्ते मी ऐकले आहेत; त्यांनी एकदा मे महिना सोडून एरवी एखाद्या वाडीत जाऊन यावे.

पगार झाला की चाकरमानी पोस्टाच्या रांगेत उभा राही. ज्याला लिहिता येत नसे तो लेखनिकाकडे जाई. विजापूरच्या गोलघुमटाचा घाट समोर ठेवून जॉन बेग यांनी आखलेली आणि १९१३ साली पुरी झालेली मुंबईच्या जीपीओची भव्य इमारत सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्यासमोर ताडपत्रीखाली बसून फॉर्म भरून देणाऱ्या लेखनिकांनी किती संसारांचा जमाखर्च आपल्या टाकाने लिहिला असेल, याची गणना कोण करणार? फॉर्मवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायची, घेणाऱ्याचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका घालायचा, आणि खालच्या कुपनावर चार ओळींच्या जागेत मजकूर बसवायचा. शेवटच्या काळातला दर म्हणाल तर वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच. आणि एका फॉर्मावर पाच हजारांची मर्यादा. दोन हजार पाठवणाऱ्यास शंभर रुपये केवळ पाठवणावळीचे पडत, आणि तरीही तो कुरकुर करीत नसे, कारण त्या शंभरांत त्याचा एक माणूस थेट आईच्या ओटीपर्यंत चालत जात असे.

तो माणूस येई तेव्हाचा देखावा मी लहानपणी पाहिलेला आहे. पोस्टमन पाणंदीत दिसला की बातमी त्याच्याआधी घरी पोहोचे. तो ओटीवर टेके, गुळाचा चहा घेई, पिशवीतून फॉर्म काढी आणि नोटा मोठ्याने मोजी, इतक्या मोठ्याने की कुंपणापलीकडच्या घरातही रक्कम कळावी. पणजीला सही येत नव्हती. तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून तो फॉर्मवर टेकवला जाई, शेजारचा कोणीतरी साक्षीदार म्हणून सही करी, आणि मग ती कुपन पोस्टमनच्याच हाती परत देऊन म्हणे, “वाच बघया, काय लिवल्यान हा.” मग लेकाची खुशाली, भाताच्या लावणीची चौकशी, गणपतीला येण्याची खात्री, सारे उभ्या वाडीसमक्ष वाचले जाई. कागद टपालखात्याचा असला तरी वाचन सार्वजनिक होते.

या उघडेपणाचे आज पुष्कळ गोडवे गायिले जातात. ते गाणाऱ्यांत सुनांची संख्या फारशी नसते. आमच्या चळतीतील पावत्या तारीखवार लावल्यावर जी गोष्ट प्रथम नजरेत भरली ती रकमेची नव्हे, नावाची. आरंभीच्या सर्व पावत्या पणजोबांच्या नावाच्या. ते वारले त्या महिन्यापासून नाव पणजीचे, आणि पावतीवर तिचा अंगठा. आजोबांचे लग्न होऊन तीन मुले झाली, आजी चौथी शिकलेली होती, घरचे भात, गुरे, मुलांची शाळा तीच पाहत होती. तथापि तिच्या नावावर एक पैसा येत नव्हता. एका कुपनावर आजोबांनी, आलेल्या रकमेतून दहा रुपये ‘सौ.’ला द्यावेत, असे आईला कळवले आहे. कष्ट करणाऱ्या बायकोसाठी नवऱ्याने दहा रुपये पाठवले, आणि तेही तिसऱ्याच्या हातून, चौथ्याने वाचून दाखवल्यावर, पाचव्याच्या साक्षीने. मनीऑर्डर ही केवळ पैशाची वाहतूक नव्हती; घरात कर्ता कोण याचा तो दरमहा निघणारा जाहीरनामा होता, आणि त्यावर सरकारी शिक्का असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. आजोबा त्यापूर्वीच निवृत्त झाले होते, परंतु धाकटे काका संपात होते, आणि त्यांची कुपने त्याच ट्रंकेत आहेत. रक्कम आधी निम्मी होते, मग महिने चुकू लागतात, मग कुपनेच संपतात. काही काळ प्रवाह उलटा वाहिला. गावाहून मुंबईस तांदळाची बोचकी जाऊ लागली. त्याविषयी कागद काही सांगत नाहीत, कारण बोचक्याला पोचपावती नसते.

टपालखात्याने जुनी मनीऑर्डर १ एप्रिल २०१५ पासून बंद केली; तिची इलेक्ट्रॉनिक बहीण मागे राहिली. तार १४ जुलै २०१३ च्या रात्री थांबली होती, तेव्हा वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. मनीऑर्डर मात्र गाजावाजा न होता गेली. वर्षभराने, ११ एप्रिल २०१६ रोजी, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने (एनपीसीआय) फोनवरून पैसे पाठवण्याच्या यूपीआयची घोषणा केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी हजार कोटींची संख्या ओलांडली. शेकडा पाच गेले, पाच हजारांची मर्यादा गेली, रांग गेली.

आणि काय गेले? माझा चुलत भाऊ डोंबिवलीत असतो. वहिनी काकीजवळ गावी. महिन्याच्या सुरुवातीस एका सकाळी वहिनी चुलीपुढे असताना फोन वाजतो, ती पदराला हात पुसून पडद्याकडे क्षणभर पाहते आणि फोन पुन्हा फडताळात ठेवते. माजघरातून काकी विचारते, “झिलान पैसे धाडल्यान काय गो?” वहिनी म्हणते, “होय, इले.” किती, हे काकी विचारीत नाही आणि वहिनी सांगत नाही. जी सत्ता शंभर वर्षे ओटीवर बसून नोटा मोजून घेत होती, ती एका ‘इले’मध्ये माजघरातून स्वयंपाकघरात गेली, आणि त्यासाठी भांडण झाले नाही, वाटणी झाली नाही, की पंचांना बोलावणे गेले नाही. २०२४ पासून राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहाचे दीड हजारही तिच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात येऊ लागले. त्या योजनेच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. बाईच्या नावाविषयी माझा नाही. गंमत अशी की पूर्वीचा मोठा आवाज अगदीच लोपला नाही, तो वाण्याच्या दुकानात गेला. तिथली पेटी आलेल्या प्रत्येक दहा रुपयांची दवंडी पिटते, आणि घरातले वीस हजार मात्र मूग गिळून येतात.

काकीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिचे वृद्धापकाळाचे अनुदान खात्यात जमा होते, आणि ते काढण्यासाठी तिला यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. जन्मभर राखेने भांडी घासून आणि चिखलात लावणी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. गेल्या आषाढात तिने तीनदा अंगठा ठेवला आणि तीनदा यंत्राने तिला ओळखले नाही. भर पावसात ती रिकाम्या हाताने परत आली. पणजीचाही अंगठा असाच झिजलेला होता. पावत्यांवर नुसते जांभळे डाग आहेत, एकातही रेष धड उमटलेली नाही. पण तिथे शेजाऱ्याची सही होती, आणि शेजारी तिला ओळखत होता. १ सप्टेंबर २०१८ पासून टपालखात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आहे. आता पोस्टमन फोन आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन पुन्हा ओटीवर येऊ शकतो. यंत्राने नाकारलेल्या म्हातारीसाठी त्याच्या ओळखीला पुरावा मानण्याची काही तजवीज झाली, तर जुन्या व्यवस्थेतले जे खरोखर राखण्याजोगे होते ते राखले जाईल. बाकीच्यासाठी अश्रू ढाळण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत वाचकांच्या घरीही अशा चळती हाती लागतील. त्या रद्दीत घालू नयेत. तारीखवार लावाव्यात आणि रकमेआधी नाव वाचावे. आमच्या चळतीत पणजी वारल्यानंतरच्या महिन्याची एक पावती आहे. ती आजीच्या नावाची पहिली पावती. तिच्यावर अंगठा नाही; ठळक, जरा वाकड्या अक्षरांत केलेली पूर्ण सही आहे, आणि साक्षीदाराची जागा कोरी आहे.