माळावरचा शिंजीर



फेब्रुवारीत धाराशिव जिल्ह्यातून प्रवास करताना बालाघाटच्या उतारांवर पाने गळालेला, केशरी फुलांनी भरलेला पळस दिसतो. त्याच्याजवळ थोडे थांबा. फांदीवरून फांदीवर उडणारा एक काळसर, चिमणीहून लहान पक्षी नजरेस पडेल. त्याच्या अंगावर ऊन पडले की काळा रंग एकदम निळा-जांभळा चमकतो. हा जांभळा शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षी म्हणतात. येशूच्या देशातही याच्या कुळातला एक पक्षी आढळतो, त्याचे नाव पॅलेस्टाईन सूर्यपक्षी.

शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे वजन सात-आठ ग्रॅम भरते. त्याची चोच बारीक व बाकदार आणि जीभ नळीसारखी असते. फुलाशेजारच्या फांदीवर बसून तो आतला मध ओढून घेतो. त्या वेळी त्याच्या डोक्याला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलाला लागतात. पळसाची फलधारणा होण्यात या पक्ष्याचा मोठा वाटा आहे. मादी वरून तपकिरी आणि पोटाशी पिवळसर असते. विणीचा काळ सरला की नरही तसाच फिका होतो, फक्त त्याच्या छातीवर एक गडद पट्टा उरतो.

कोरड्या माळावर मध कुठून?

आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. तरी इथला झुडपी माळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत काही ना काही फुलवत राहतो. पळस, पांगारा, डोंगरकडेची लालभडक धायटी, काटेरी नेपती आणि झाडांवर वाढणारे बांडगूळ यांवर शिंजिराचा निर्वाह होतो. पिल्लांना मात्र मध पुरत नाही, त्यांना किडे आणि कोळी लागतात. तेही याच झुडपांत मिळतात.

घरटे बांधते ती मादी. कोळ्याच्या जाळ्याने गवत आणि सालीचे तुकडे गुंफून ती लोंबती पिशवी तयार करते. बहुधा ती एखाद्या काटेरी झुडपाच्या खालच्या फांदीला टांगलेली असते. आत साधारण दोन अंडी असतात. आपल्याला नकोसे वाटणारे काटे म्हणजे तिच्या घराचे कुंपण.

‘पडीक’ हा शब्द

येडशी-रामलिंग घाटातील जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण बहुतेक माळ अशा संरक्षणाबाहेर आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. एकदा ‘पडीक’ म्हटले की ती नांगरायला, खणायला किंवा साफ करायला कोणाला काही वाटत नाही.

असाच एक शिक्का माणसांवरही बसला होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि त्याखाली पारधी बांधव जन्मानेच गुन्हेगार ठरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून तो अजून पूर्ण गेलेला नाही. कोणत्या झुडपाखाली कोणता पक्षी बसतो हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारी ही माणसे. शिकारीवर कायद्याने बंदी आली, आणि आज अनेक कुटुंबे गायरानावर, नावावर जमीन नसताना राहतात. सरपण आणि शेळ्यांचा चारा त्यांना याच माळावरून मिळतो. माळ गेला तर शिंजिराचे घर जाते, आणि त्यांची चूलही अडचणीत येते.

आपण काय करू शकतो?

पावसाळा आला की मंडळ्या वृक्षारोपणासाठी आनंदाने देणगी देतात. हेतू चांगलाच असतो. पण सुबाभूळ किंवा नीलगिरी लावण्यासाठी आधी धायटी, बोर, तरवड आणि नेपती उपटून टाकली, तर आपण एक भरलेले घर मोडून त्या जागी रोपे लावतो. म्हणून जिथे झुडपे आहेत तिथे ती राहू द्यावीत. वस्तीजवळच्या उघड्या जागेत पळस, पांगारा, बोर अशी इथलीच झाडे लावावीत. सरपणासाठी वाळलेल्या फांद्या घ्याव्यात, ओले झुडूप मुळापासून तोडू नये. आणि कुठे काय लावायचे हे ठरवताना वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे, कारण हा माळ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नाही.

बाजारात अगदी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या चिमण्याही पित्याच्या नजरेआड नसतात, असे प्रभूने शिकवले. आपण ज्या जमिनीला आणि ज्या माणसांना निरुपयोगी समजतो, तीही त्याच्या नजरेआड नाहीत.

प्रार्थनेसाठी विषय

• गायरानावर राहणाऱ्या पारधी कुटुंबांना हक्काची जागा मिळावी.
• वस्तीतल्या मुलांना शाळेत सन्मानाने वागवले जावे.
• येत्या पावसाळ्यात कोणती झाडे लावावीत आणि कोणती झुडपे राखावीत, याची आपल्याला सुबुद्धी मिळावी.