बारा माणसं आणि एक ओहोटी

चौथ्या दिवशी पहाटे अंधारातच उठायचं, डोक्याला बॅटरी बांधायची आणि चालू पडायचं. दहा किलोमीटरवर ब्लाउक्रान्स नावाची नदी समुद्राला मिळते. ती ओलांडायची तर ऐन ओहोटीच्या वेळी तिच्या मुखाशी हजर असावं लागतं. उशीर झाला की लाटा आत घुसतात. मग सॅक मोठ्या जलरोधक पिशवीत बांधून, ती पुढे ढकलत पोहत जायचं. समुद्र खवळलेला असेल तर तोही मार्ग बंद. अशा वेळी दरीच्या बाजूनं वर सुटण्याची खुणा केलेली वाट आहे, ती धरायची आणि उरलेला ट्रेक सोडून द्यायचा.

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा ऑटर ट्रेल. स्टॉर्म्स नदीच्या मुखापासून नेचर्स व्हॅलीपर्यंत पूर्वेकडून पश्चिमेकडे चाळीसेक किलोमीटर, पाच दिवस, चार मुक्काम. वाट एकाच दिशेनं चालायची असते. ती १९६८ साली सुरू झाली आणि त्या देशातल्या अधिकृत पदभ्रमण मार्गांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. ती जाते त्सित्सिकामा राष्ट्रीय उद्यानातून. हे उद्यान १९६४ सालचं. २००९ मध्ये शेजारची संरक्षित क्षेत्रं जोडून त्याचं गार्डन रूट राष्ट्रीय उद्यान झालं.

ओहोटीचा हिशेब आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावा लागणार नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गणित. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. चंद्र सगळीकडे तोच, त्यामुळे रोज पाऊण तासानं पुढे सरकण्याचा नियम तिकडेही लागू पडतो. सुरुवातीचा आकडा मात्र जागेप्रमाणे बदलतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती असते. त्सित्सिकामाला त्याच दिवशी सकाळी नऊ-दहाच्या आसपास ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत खाली गेलेलं. म्हणून जाणते लोक चौथा दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ येईल अशी तारीख शोधतात. उजाडण्याआधी निघालं की दहा किलोमीटर तुडवून वेळेवर पोचता येतं. गंमत अशी, की तिथं उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन मीटर, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण कड्यांमध्ये चिंचोळ्या झालेल्या नदीमुखाशी, दक्षिण महासागरातून आलेल्या लाटांसमोर, तेवढा फरक गुडघाभर पाणी आणि बुडतं पाणी यांच्यातला असतो.

ही झाली चौथ्या दिवसाची गोष्ट. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो मात्र पहिल्या दिवसाचा धबधबा. सुरुवातीपासून तीनेक किलोमीटरवर, किनाऱ्यावरच्या धोंड्यांवरून उड्या मारत गेलं की उजव्या हाताला कडा दिसतो. त्यावरून पन्नासेक मीटर पाणी पायरीपायरीनं उतरतं, खाली डोहात साठतं, आणि डोह ओसंडून समुद्राला मिळतो. गोड्या पाण्यात डुंबताना हाकेच्या अंतरावर लाटा फुटत असतात.

असा धबधबा आपल्याकडे का दिसत नाही? सह्याद्रीला धबधब्यांची वाण नाही. पण आपला कडा आणि समुद्र यांच्या मध्ये अख्खं कोकण आहे. घाटावरून पडलेलं पाणी नदी होऊन, खाडी होऊन, सावकाश समुद्राला भेटतं. त्सित्सिकामाला ही मधली पट्टी दुमडून टाकल्यासारखी आहे. मागे सोळाशे मीटरच्या पुढे जाणारे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी सुमारे २०० मीटर उंचीचं सपाट पठार. हे पठार फार पूर्वी समुद्राच्याच लाटांनी तासून काढलेलं. आज त्याची दक्षिण कड सरळ समुद्रात तुटते. स्टॉर्म्स, ब्लाउक्रान्स यांसारख्या मोठ्या नद्यांनी पठार कापून खोल घळी केल्या आणि त्या समुद्राच्या पातळीला येऊन मिळाल्या. लहान ओढ्यांच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. खडक कठीण क्वार्टझाइटचा. ते कड्यावर टांगलेलेच राहिले आणि तिथून उडी घेतात.

पावसाचं कोडं याहून मजेदार आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं वर्षाला साधारण हजारभर. तरी आपले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर ओलसर काळ्या रेघा होऊन उरतात आणि तिथले ओढे बाराही महिने वाहतात. कारण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो. त्सित्सिकामाला पावसाळा असा वेगळा नाहीच. हिवाळ्यात पश्चिमेकडून थंड वाऱ्यांच्या आघाड्या येतात, उन्हाळ्यात समुद्रावरचा दमट वारा डोंगराला अडतो, आणि प्रत्येक महिना आपापला वाटा टाकून जातो. जंगलाची जमीन तो झिरपवून घेते आणि हप्त्याहप्त्यानं सोडते.

ते पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. नवख्याला वाटतं, गढूळ आहे. प्रत्यक्षात गाळ जवळजवळ नसतो. रंग येतो कुजणाऱ्या पाल्यातल्या टॅनिनचा. इथली वालुकाश्माची जमीन निकस आणि आम्लधर्मी. डोंगरउतारावर फेनबॉस नावाची खुरटी, चिवट झुडपं वाढतात. निकस जमिनीत नवं पान सहज फुटत नाही, म्हणून अशी झाडं पानांत कडवट द्रव्यं साठवून खाणाऱ्यांना दूर ठेवतात. तीच पुढे पाण्यात उतरतात.

घळींमध्ये आणि पठारावर मात्र खरं उंच जंगल आहे. त्यातला राजा यलोवूड. महामार्गालगत एक उटेनिक्वा यलोवूड सदतीस मीटरच्या आसपास उंच आहे. वय हजार वर्षांच्या घरात असल्याचं सांगतात. यलोवूड हा सूचिपर्णी वृक्षांचा दक्षिण गोलार्धातला गोतावळा. त्याचा एक भाऊबंद दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातही आहे, आणि दक्षिण भारतातला मूळचा सूचिपर्णी वृक्ष तेवढाच. किनाऱ्याला लागून वाऱ्यानं वाकवलेलं मिल्कवूड दिसतं. ते तर मोह, बकुळ आणि चिकूच्या कुळातलं. फांदी मोडली की चीक येतो. स्टिंकवूड ताजं तोडलं की दुर्गंधी सुटते, पण फर्निचरला त्याच्यासारखं लाकूड नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. युरोपीय वसाहतीच्या काळात जहाजं, गाड्या, रेल्वेचे स्लीपर यांसाठी हे जंगल तोडलं गेलं. १८६९ च्या वणव्यानं आणखी मोठा घास घेतला. लाकूडतोड्यांची पिढीजात कुटुंबं होती. १९३९ मध्ये कायदा करून त्यांना निवृत्तिवेतन देण्यात आलं आणि जंगलातून बाहेर काढलं गेलं. आज वाटेवर जे घनदाट वाटतं, त्यातलं बरंच या सगळ्यातून वाचलेलं आहे.

वाचलेलं टिकवायचं कसं, याचं उत्तर उद्यानानं एका आकड्यात दिलंय. रोज बारा. दिवसाला बाराच माणसांना वाट सुरू करता येते, कारण प्रत्येक मुक्कामाला सहा-सहा जणांच्या दोनच लाकडी झोपड्या आहेत. आरक्षण वर्षभर आधी खुलं होतं आणि लवकर संपतं. एका दिवसाची बारा माणसं म्हणजे काहीच नाहीत. वर्षाकाठी ती चार हजारांच्या वर जातात. आपल्याकडच्या एखाद्या गाजलेल्या धबधब्यावर जुलैच्या एका रविवारी किती लोक असतात, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच करावा. पाऊस आणि माणूस, दोघांनाही तिथं एकच नियम लागू आहे असं मला वाटतं: एकदम नको, वर्षभर या. आपल्याकडे पाऊस एकदम येतो, म्हणून धबधबाही त्याच काळात, आणि म्हणून गर्दीही. पावसाला वळण लावता येणार नाही. गर्दीला येतं. कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहेच. धोका वाढला की सरसकट प्रवेशबंदीचा आदेश काढायचा आणि ओसरला की वाट पुन्हा सताड उघडी टाकायची, यापेक्षा तो मार्ग शहाणपणाचा आहे.

पण या शहाणपणाची किंमत कोणी मोजली, हेही बघायला हवं. उद्यानाबरोबर समुद्राचा पट्टाही राखीव झाला. आफ्रिकेतलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथली मासेमारी टप्प्याटप्प्यानं आवळत नेली आणि २००० च्या सुमारास पूर्ण बंद केली. शास्त्रीय कारण पक्कं आहे. खडकांत राहणारे मासे सावकाश वाढतात, जागा सोडत नाहीत, दशकानुदशकं जगतात. रोमन नावाचा तांबडा मासा तर आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. मोठे मासे गळाला लागले की नरच संपतात. राखीव पाण्यातली पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर जाऊन शेजारचा किनाराही भरतात.

हे सगळं खरं. पण १९६४ साली तिथं वर्णभेदी राजवट होती आणि बहुसंख्य लोकांना मतदानाचा हक्कच नव्हता. ज्यांचे बाप-आजे याच खडकांवरून गळ टाकत होते त्यांना कुंपणाबाहेर उभं केलं, आणि आत पैसे भरून पाहुणे चालू लागले. लोकशाही आल्यावर हा सल सतत बोलला गेला. २०१६ मध्ये सरकारनं सुमारे एक पंचमांश किनारा परवान्यावर, फक्त स्थानिकांना, गळानं मासे धरायला खुला केला. सागरी शास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला. इतक्या वर्षांची राखण थोड्या दिवसांत उधळली जाईल असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात. बारांचा नियम पाहुण्यांना लागू होता तोवर तो न्याय्य होता. शेजाऱ्याच्या ताटावर आला तेव्हा त्याला विचारायला हवं होतं.

ज्याच्या नावानं वाट आहे ते पाणमांजर सहसा दिसत नाही. त्याऐवजी बबून भेटतात आणि झोपडीबाहेर विसरलेलं अन्न पळवतात. किनाऱ्याच्या खडकांवर डॅसी ऊन खात बसलेले असतात; सशाएवढा हा गुबगुबीत प्राणी वंशावळीनं हत्तीचा जवळचा नातलग. झाडीत हिरवा नाइस्ना टुराको असतो. तो उडाला की पंखांतला लाल रंग उघडा पडतो, बसला की पुन्हा झाकतो. साधारण जुलै ते नोव्हेंबरमध्ये कड्यावरून देवमासे दिसू शकतात. ब्लाउक्रान्सच्याच घळीवर आत महामार्गाचा पूल आहे. त्यावरून लोक पायाला दोर बांधून २१६ मीटर उंचीवरून उड्या मारतात. गार्डन रूटला जाऊन आलेल्या आपल्या पर्यटकांकडे फोटो असतो तो बहुधा याच पुलाचा. वर्षातून एकदा याच पायवाटेवर धावण्याची शर्यत होते आणि पुढचे धावपटू पाच दिवसांचं अंतर चार-साडेचार तासांत उरकतात. असो. ज्याची त्याची हौस.

पाच दिवस नसतील, आरक्षण मिळालं नसेल, तरी धबधबा हुकत नाही. पोर्ट एलिझाबेथहून (आताचं नाव गकेबेऱ्हा) पश्चिमेला गाडीनं दोन-अडीच तासांत स्टॉर्म्स नदीचं मुख गाठता येतं. प्रवेशशुल्क भरून धबधब्यापर्यंत जाऊन परत यायला सहा किलोमीटर पडतात. त्यापुढे परवान्याशिवाय सोडत नाहीत. अंतर ऐकून चपला घालून निघू नये. निम्मी वाट धोंड्यांवरून आहे, ओले धोंडे निसरडे असतात आणि वेळ दुप्पट लागतो. पाय साथ देत नसतील तर मुखाजवळच ७७ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तिथवर जंगलातून लाकडी फळ्यांची सोपी वाट केली आहे, आणि पुलावर उभं राहिलं की नदीचं तांबूस पाणी निळ्या समुद्रात शिरताना थेट पायाखाली दिसतं.