पडद्यावरील बटणांचे समूह

काही जुन्या मोटारगाड्यांतील रेडिओसंचाला पुढील बाजूस पाच-सहा बटणे बसविलेली असत. एक दाबले की ते आत जाऊन बसे आणि आधी दाबलेले बटण खटकन बाहेर येई. एका वेळी दोन केंद्रे लावण्याची सोयच नव्हती. ही मनाई ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोपविलेली नव्हती; बटणांच्या मागील यंत्ररचनेतच ती बसविलेली होती. पुढे संगणकाच्या पडद्यावर ‘अनेकांतून एकच’ निवडण्याची बटणे आली, तेव्हा त्यांना नाव मिळाले ते याच रेडिओचे. १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकावर ही ‘रेडिओ बटणे’ होती आणि आजच्या मोबाइल फोनवरही आहेत. आतील यंत्ररचना मात्र उरलेली नाही. तिचे काम आता आज्ञावलीस करावे लागते.

समजा, रक्तदात्यांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये रक्तगट विचारावयाचा आहे. ए, बी, एबी आणि ओ हे चार गट. प्रत्येकाचे पॉझिटिव्ह व निगेटिव्ह असे दोन प्रकार. म्हणजे बटणे आठ. प्रत्येक बटण निवडलेले आहे की नाही याची वेगळी नोंद ठेवली, तर आठ नोंदींच्या मिळून २५६ अवस्था संभवतात. त्यांतील ग्राह्य अवस्था केवळ ९ : आठांपैकी कोणतेही एक निवडलेले, अथवा अद्याप काहीच न निवडलेले. उरलेल्या २४७ अवस्थांत एकाच माणसाच्या अंगात दोन, तीन, किंबहुना आठही गटांचे रक्त वाहत असते! रक्त चढविण्यापूर्वी गटाची पुन्हा तपासणी होते हे खरे. परंतु निकडीच्या वेळी भलत्याच दात्याला बोलावणे गेले, तर दवडलेला वेळ भरून निघत नाही.

अँड्रॉइड प्रणालीत २००८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून यासाठी ‘रेडिओग्रुप’ नावाचा घटक आहे. त्याच्या पोटात बटणे ठेवली की एक निवडताच आधीचे तो स्वतः पुसतो. परंतु हा घटक बटणे एकाच उभ्या किंवा आडव्या ओळीत मांडतो. आठ बटणे फोनच्या अरुंद पडद्यावर एका आडव्या ओळीत मावत नाहीत. तेव्हा आज्ञावली लिहिणारा साहजिकच चार-चारांच्या दोन ओळी करतो आणि त्या दोन्ही ओळी रेडिओग्रुपमध्ये ठेवून देतो. दिसावयास सारे ठाकठीक दिसते. पण रेडिओग्रुप ओळखतो तो केवळ आपल्या थेट पोटातील बटणांना. आतील ओळींत बसलेली बटणे त्याच्या खिजगणतीत नसतात. मग ‘ए पॉझिटिव्ह’ दाबले तरी ते उजळते, ‘ओ निगेटिव्ह’ दाबले तरी तेही उजळते. आणि उजळलेले रेडिओ बटण पुन्हा दाबून विझत नाही, हा त्याचा धर्मच असल्यामुळे बिचाऱ्या दात्याला चूक दुरुस्तही करता येत नाही. गंमत अशी की, ‘कोणते बटण निवडले आहे?’ असे समूहाला विचारले असता उत्तर येते उणे एक. म्हणजे एकही नाही.

यावर काही जण प्रत्येक ओळीचा निराळा समूह करतात आणि एकातील बटण दाबले की दुसरा समूह पुसावा, अशी आज्ञा लिहितात. हा उपाय मूळ दुखण्याहून फारसा बरा नाही. पुसणे हाही बदलच असल्याने त्याची वर्दी जाते, त्या वर्दीसरशी दुसरा समूह पहिल्याला पुसावयास धावतो, आणि नुकतीच केलेली निवड नाहीशी होते.

खरा उपाय बटणांना हात लावण्याचा नव्हे. आठ नोंदी काढून टाकून ‘निवडलेला रक्तगट’ अशी एकच नोंद ठेवावी. तिचे मूल्य आठांपैकी एक, किंवा रिकामे. मग त्या २४७ अवस्था अडवाव्या लागत नाहीत, कारण त्या लिहिताच येत नाहीत. कोणते बटण उजळावे हे पडदा दरवेळी त्या एका नोंदीवरून ठरवितो. बटणे एका ओळीत असोत, दोन ओळींत असोत वा वर्तुळात असोत. २०१९ साली ॲपलने जाहीर केलेली स्विफ्टयूआय आणि २०२१ साली गूगलने वापरासाठी खुली केलेली जेटपॅक कंपोज या दोन्ही पद्धती अशाच चालतात. जुन्या पद्धतीनेही हे साधता येते. तेथे थोडी शिस्त लागते, इतकेच.

ती नोंद आरंभी रिकामी असावी, हेही महत्त्वाचे. यादीतील पहिले बटण आधीच उजळवून ठेवण्याची खोड पुष्कळ ॲपना आहे. भाषेची निवड असेल तर ती खपून जाते. रक्तगटाच्या बाबतीत मात्र घाईने पुढे गेलेला प्रत्येक दाता ‘ए पॉझिटिव्ह’ ठरतो, आणि ती चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

समूहाला समूह म्हणून घोषित करण्याचे आणखी एक कारण अंध वापरकर्त्यांशी निगडित आहे. त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखविणारी सोय फोनमध्ये असते. बटणे नुसती सुटी मांडून निवडलेल्याचा फक्त रंग बदलला, तर त्या आवाजाला रंग दिसत नाही. तो आठही नावे सारख्याच सुरात वाचीत जातो. समूह आज्ञावलीत नीट नोंदविलेला असेल, तर त्याच बटणावर बोट ठेवताच तो आवाज सांगू शकतो : बी पॉझिटिव्ह, निवडलेले, आठांपैकी तिसरे.