वळसा घालून गेलेलं संशोधन

मन बिघडलेल्या माणसाला घेऊन सोलापूरकर पूर्वापार दोन दिशांना जात आले आहेत. वाडीकडच्या गाडीत बसलं की गाणगापूर आणि पुण्याच्या गाडीत बसलं की येरवडा. गाणगापूरला दत्ताच्या देवळात दुपारच्या आरतीला खांबांना लोंबकळणारी, घुमणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते सांगत बसायला नको. येरवड्याच्या मनोरुग्णालयाला अडीच हजारांहून जास्त खाटांची मंजुरी आहे, आणि ‘याला येरवड्याला पाठवा’ हा आपल्याकडचा जुना विनोद आहे. त्यात विनोदी काय, हे ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला विचारावं.

मला मागे वळून पहायचं आहे ते या दोन टोकांच्या मधल्या जागेकडे. गेल्या चाळीस वर्षांत विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या संशोधकांनी या जागेत बरंच काम केलं. ते सोलापूरच्या दक्षिणेला झालं, नैर्ऋत्येला झालं, थेट वर विदर्भात झालं. नकाशावर टाचण्या टोचल्या तर सोलापूर बरोबर मध्ये कोरडं राहतं.

पहिली टाचणी बळ्ळारीची. होटगीवरून विजापूर-गदगमार्गे जी लाइन खाली उतरते, तिच्याच वाटेवरचा हा जिल्हा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली जाहीर झाला, पण तो राबवायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने आधी साकलवाडा या खेड्यात छोटा प्रयोग केला होता. मग १९८५ मध्ये त्यांनी अख्खा बळ्ळारी जिल्हा घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना ठरावीक आजार ओळखायला आणि ठरावीक गोळ्या द्यायला शिकवलं. फिट येणारे आणि वर्षानुवर्षं घरात कोंडलेले रुग्ण तालुक्याच्या ठिकाणीच औषध घेऊ लागले. १९९६ मध्ये केंद्र सरकारने याच नमुन्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम काढला, तो आधी फक्त चार जिल्ह्यांत. सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला तोवर तेहतीस वर्षं झाली होती.

देवळांकडेही संशोधक गेले, आणि हे मला फार आवडतं. निम्हान्सच्या रघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या मुथुस्वामीच्या देवळात राहायला आलेल्या ३१ जणांची लक्षणं मोजली आणि २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. काही आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणं जवळजवळ वीस टक्क्यांनी उतरली होती. औषध नव्हतं, खास विधीही नव्हता. राहायला जागा, सोबत घरचं माणूस आणि कुणाची हेटाळणी नाही, एवढंच होतं. यावरून गाणगापूरचं समर्थन निघत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००१ मध्ये, त्याच तमिळनाडूत एरवाडीला साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले होते. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.

मुख्य टाचणी मात्र गोव्याची. विक्रम पटेल हे मुंबईचे डॉक्टर झिम्बाब्वेत संशोधन करून परतले आणि सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये त्यांनी गोव्यात ‘संगत’ ही संस्था काढली. प्रश्न साधाच होता. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत, मग बोलण्याचा उपचार दुसरं कुणी देऊ शकेल का? ‘मानस’ नावाच्या चाचणीत त्यांनी स्थानिक पदवीधर बायका नेमल्या. मानसशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांना २४ दवाखान्यांच्या कामात उतरवलं, त्यातले निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, आणि जिथे हा उपचार नव्हता तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. खासगी डॉक्टर आपल्या पेशंटला आधीपासूनच जास्त वेळ देत असेल, असा माझा तर्क. २०१७ मध्ये त्याच गटाने तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ भेटींचा उपचार तपासला. तीन महिन्यांनी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीच्या उपचारावरचे ३९ टक्के.

स्वमग्नतेचं काम त्याच पायावर उभं राहिलं. स्वमग्न मुलांच्या आयांनी सोसलेल्या दोषाचा इतिहास मोठा आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं, आणि पुढची वीसेक वर्षं ‘थंड आईमुळे मूल असं झालं’ हा समज मोठमोठ्या विद्वानांनी पोसला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, त्यावर पुस्तक लिहून घाव घातला. मेंदूची घडण आणि आनुवंशिकता यांचे पुरावे नंतर येत गेले. आपल्याकडे सासू अजूनही सुनेकडेच बोट दाखवते, पण बाल्टिमोर-शिकागोचे प्रोफेसर तेच करत होते म्हटल्यावर सासूला किती बोलायचं!

गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोव्यात जे केलं, ते बघण्यासारखं आहे. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांची पद्धत त्यांनी तिथल्या घरांत बसवली. पंधरा दिवसांतून एकदा कार्यकर्ती घरी येते. आई आणि मूल जमिनीवर खेळत बसतात आणि ती काही मिनिटं कॅमेऱ्यावर घेते. मग दोघी मिळून ते चित्रण बघतात. मूल गाडीचं चाकच फिरवत बसलेलं असतं आणि आई ‘इकडे बघ, हा रंग कुठला, सांग’ असा भडिमार करत असते. कार्यकर्ती चित्रण थांबवते ते आईची चूक दाखवायला नाही. जिथे आई क्षणभर गप्प बसली, तिनेही चाक फिरवलं आणि पोराने ओझरतं वर पाहिलं, तिथे थांबवते. ‘इथं काय झालं?’ एवढंच विचारते. पुढचे पंधरा दिवस आईने रोज अर्धा तास तेवढंच वाढवायचं. अशा बारा भेटी. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर ही चाचणी झाली. हो, पाकिस्तानातली रावळपिंडी. २०१६ मध्ये निकाल छापला गेला. आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले होते आणि मुलं आपणहून संवादाला सुरुवात करू लागली होती. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला होता. संशोधकांनी तेही लपवलं नाही.

त्याच सुमारास कायदाही बदलला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत पक्कं झालं. तोवर कित्येक मुलांच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ हाच शेरा बसला.

विदर्भातलं काम वेगळ्या निकडीतून आलं. शेतकरी आत्महत्यांमुळे अमरावती जिल्ह्याचं नाव देशभर झालं होतं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालवला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. दीड वर्षाने पाहणी केली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. तुलनेसाठी दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी आकडा थोडका नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात घेतलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात घेतलं की ही तीस गावं आणखी महत्त्वाची वाटतात.

गावांपासून दूर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य उंदरांच्या मेंदूत बालपणीच्या ताणाचे माग शोधतात. सेरोटोनिनमुळे मज्जापेशींतले ऊर्जा तयार करणारे घटक वाढतात, हे त्यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. हे लांब पल्ल्याचं काम आहे, आणि ते तसंच चालू द्यावं. त्यातून उद्या गोळी निघेल या आशेवर बसणाऱ्यांची मात्र निराशा होईल.

या सगळ्यात सोलापूर कुठे? एक धागा आहे. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची भूमिका करणारे अतुल कुलकर्णी आपल्या हरिभाई देवकरण शाळेचे. पण सोलापूरकडे देण्यासारखा एक प्रश्न आहे, जो गोव्याने सोडवलेला नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, गल्लीत कानडी आणि दखनी, अंगणवाडीत मराठी. तीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर ‘घरात चार भाषा, गोंधळलंय, बोलेल’ म्हणून दोन वर्षं जातात. स्वमग्नता तपासायची आपली सरकारी मोजपट्टी सिकंदराबादेत तयार झाली. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, सत्तरच्या पुढे गुण गेले की स्वमग्नता. त्यातले बोलण्याविषयीचे मुद्दे कुठल्या भाषेत तपासायचे? आणि आईला ‘आता घरात एकच भाषा बोला’ असं सर्रास सांगितलं जातं. जगभरच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. उलट या सल्ल्यामुळे विड्या वळणाऱ्या आजीशी तेलुगूत होणारा मुलाचा एकमेव संवाद तुटतो. हा अभ्यास सोलापुरात व्हायला हवा, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आया आहेत, भेटीला जायला गल्ल्या आहेत, आणि या तिन्ही-चारही भाषा येणाऱ्या मुली याच शहरात पदवीधर होतात.

फक्त एक बाब चर्चांमध्ये गाळली जाते. गोव्यातल्या त्या समुपदेशक बायका पूर्णवेळ पगारी होत्या, त्यांच्यावर देखरेख होती आणि दुसरं काम नव्हतं. इथे कुठलीही नवी योजना आली की ती आशाताईंच्या यादीत टाकली जाते, आणि त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, सर्वेक्षणं, आणि आता मनही. स्वमग्न मुलाच्या घरी पंधरा दिवसांनी जाऊन तासभर जमिनीवर बसायचं, या कामाचा दर कुठल्या शासन निर्णयात लिहिला जाणार, ते आधी ठरवा.