प्लॉटरला रेघ लागते

माघ वद्य सप्तमी, म्हणजे गजानन महाराजांचा प्रकटदिन जवळ आला की शेगावात आमच्या धंद्याला मान वर करायची सोय नसते. दिंड्यांच्या टोप्या, मंडळांचे टी-शर्ट, महाप्रसादाचे फ्लेक्स, गाड्यांच्या काचांवरचं रेडियम. कामं नाना तऱ्हेची, पण फाइल सगळ्यांची एकच: व्हॉट्सअ‍ॅपवर याच्याकडून त्याच्याकडे फिरत आलेला महाराजांचा फोटो. तो अंधुक आहे म्हटलं की गिऱ्हाईक स्क्रीन माझ्या नाकासमोर धरतं. "मोबाइलमध्ये तं साफ दिसते ना भाऊ, मंग मोठं कराले काय होते?"

होतं असं. व्हॉट्सअ‍ॅप साधारणपणे फोटो दाबून पाठवतं. लांबीकडून तो सोळाशे पिक्सेलच्या आसपास राहतो. तीन इंची स्क्रीनला तेवढे ठिपके भरपूर झाले. तोच फोटो दहा फुटी फ्लेक्सवर पसरा. दहा फूट म्हणजे १२० इंच, इंचाला जेमतेम १३ ठिपके आले. पत्रिका छापायला इंचाला ३०० लागतात. तरी फ्लेक्सवाल्याचं कसंबसं निभावतं, कारण फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात.

रेडियमच्या प्लॉटरचं तसं नाही. त्यात शाई नसते, पातं असतं. पात्याला कुठून कुठे जायचं ते सांगावं लागतं, आणि फोटोत ते कुठेच लिहिलेलं नसतं. जेपीजी म्हणजे नुसते चौकोन, प्रत्येकाचा एक रंग. हे चौकोन दाढीचे, ते चिलमीचे, अशी नोंद त्यात नाही. प्लॉटरला रेघ लागते आणि फोटोत रेघच नाही.

ती रेघ तयार करणं म्हणजे आमच्या भाषेत 'ट्रेस मारणं'. शेताची मोजणी करणारा माणूस ढेकळं मोजत बसत नाही. बांध जिथे वळतो तिथल्या खुणा नोंदतो, की शेत कागदावर आलं. व्हेक्टर, म्हणजे रेघांच्या, चित्रात त्या खुणांना नोड म्हणतात. दोन नोडांमधली रेघ किती वाकवायची ते त्यांच्या दांड्या ओढून ठरवायचं. मग चित्र दोन इंचाचं करा की वीस फुटांचं, कॉम्प्युटर रेघ नव्यानं आखतो, ती फाटत नाही. या वाकड्या रेघेचं गणित मोटारीच्या कारखान्यातून आलं. १९६०च्या दशकात फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांचे पत्रे आखायला ते वापरलं. सिट्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्झो त्याआधीच तिथे पोचले होते, पण कंपनीनं काम गुप्त ठेवलं आणि नाव बेझिए यांचं लागलं. कोरल या आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या टूलनं मी दिवसभर रेघा ओढतो त्याचं नावच बेझियर.

"पण कॉम्प्युटरच करते ना सगळं?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. करतो की. कोरलमध्ये २००६च्या एक्स-थ्री व्हर्जनपासून पॉवरट्रेस हे आपोआप ट्रेस मारणारं बटण आहे, आणि फुकटच्या इंकस्केपमध्ये पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस. शाळेचं दोन रंगी, स्वच्छ स्कॅन केलेलं बोधचिन्ह द्या, चटकन होतं आणि झकास होतं. मी स्वतः तिथे बटणच दाबतो; उगाच हातानं करायची हौस नाही.

महाराजांचा चेहरा दिला की मात्र बटणाची फजिती होते. त्याला चेहरा दिसत नाही, रंग कुठे बदलला तेवढंच कळतं. फोटो दाबताना कडेला साचलेला मळसुद्धा तो इमानदारीनं ट्रेस करतो. भुवई आणि डोळ्याची सावली एक होते, दाढीचा काळा डाग पडतो, चिलीम बोटांत विरघळते. नोड हजारोंनी पडतात. अशी फाइल प्लॉटरला लावली की पातं जागच्या जागी थरथरतं आणि नंतर चिमट्यानं तुकडे उपसता उपसता पोरगं रडकुंडीला येतं.

म्हणून फोटो खाली लॉक करून वरून हातानं काढायचं. भुवईला चार नोड पुरतात, गालाची अख्खी कड दोनांत बसते. डोळ्यातला पांढरा ठिपका विसरलात तर महाराज बघत नाहीत, नुसते बसलेले दिसतात. दाढीचा केस न् केस काढायचा नाही; तिची दिशा दाखवणारे पाचसहा फटकारे बस्स. शिवाय चित्र लागणार कुठे हे आधी विचारायचं. बोलेरोच्या मागच्या काचेवर जी रेघ शोभते ती मोटारसायकलच्या टाकीवर केसाएवढी होते आणि पहिल्याच धुण्यात उचलते. लहान मापासाठी मी वेगळं, मोजक्या रेघांचं चित्र ठेवतो. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, त्याचेच मी पैसे घेतो.

टोप्यांचं काम आणखी निराळं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून एक तर जाते नाही तर अडते. फिकट करडं असं मधलं काही नाही. एका रंगाला एक स्क्रीन. बटणानं काढलेले तीस-चाळीस रंग घेऊन मी करू काय? भगवा आणि काळा, दोनांत चित्र बसवावं लागतं.

अक्षरं मात्र कधीच ट्रेस करायची नाहीत, नव्यानं टाइप करायची. फॉन्टमधलं अक्षर मुळातच रेघांचं असतं. पण देवनागरीची एक मेख आहे. 'जय गजानन' टाइप केलं की प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजारच्यावर किंचित चढतं. स्क्रीनवर ती सलग दिसते. प्लॉटर मात्र प्रत्येक सांध्यावर पातं फिरवतो, आणि सोलताना शिरोरेघेचे तुकडे हातात येतात. वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या कडा दाखवल्या तर, बघितलं की सांधे दिसतात. तिथे वेल्ड मारून सगळं एकसंध करायचं. इंग्रजी नावांना सहसा हा व्याप नसतो.

आता गिऱ्हाइकांना एक विनंती. फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. घरी जुनी तसबीर असेल तर तीच घेऊन या, मी स्कॅन करतो. आणि काम झालं की फाइल मागून घ्या. मी देतो ती कंट्रोल-क्यू मारून, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेघा करून. नाही तर तुमच्या गावच्या छापखान्यात तो श्रीलिपी फॉन्ट नसला की मंडळाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. सेव्हही जुन्या व्हर्जनमध्ये करतो, कारण खेड्यांतल्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरल बाराच चालतं.